टेम्पीचा रेल्वे अपघात, ग्रीसमधली आंदोलनं आणि आपण

पिरेयसहून_मंदार

६ नोव्हेंबर २०२५ ला सीएसएमटीला जे झालं, कर्मचाऱ्यांच्या मोर्च्यात गाड्या बंद आणि रुळावरून चालणारे दोघं लोकलखाली गेले, त्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की अपघातानंतर दोन दिवस आरडाओरडा होतो आणि तिसऱ्या दिवशी सगळे परत दारात लटकून कामावर, जगात सगळीकडे असंच असतं. तसं सगळीकडे नसतं हे सांगायला हा वेगळा धागा काढतोय. मी पिरेयसला शिपिंगमध्ये नोकरीला आहे, अथेन्सला लागूनच असलेलं बंदर, आणि इथे एका रेल्वे अपघातावरून लोक जवळजवळ तीन वर्षं रस्त्यावर येतायत. अजून थांबलेले नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २८ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री साडेअकराच्या आत अथेन्सहून थेस्सालोनिकीला जाणारी पॅसेंजर गाडी आणि समोरून येणारी मालगाडी लारिसा शहराच्या पुढे टेम्पीच्या दरीजवळ समोरासमोर धडकल्या. पॅसेंजरमध्ये साधारण ३५० माणसं होती. ५७ गेली. इथे कार्निव्हलनंतरच्या सोमवारची मोठी सुट्टी असते, ती संपवून कॉलेजची पोरं परत निघाली होती त्यामुळे गेलेल्यांत विशी-पंचविशीतले खूप. दोन्ही गाड्या बारा मिनिटं एकाच रुळावर एकमेकींकडे धावत होत्या आणि ते कंट्रोलच्या कुठल्याही पॅनलवर कुणाला दिसलं नाही, कुठलाही अलार्म वाजला नाही. युरोपियन युनियनमधला देश, साल २०२३.

दुसऱ्याच दिवशी लारिसाच्या स्टेशन मास्तरला अटक झाली, वाहतूक मंत्री कोस्तास कारामानलिस यांनी राजीनामा दिला, आणि पंतप्रधान मित्सोताकिस टीव्हीवर म्हणाले की हे मुख्यतः मानवी चुकीमुळे घडलेलं दिसतंय. आपल्याकडे इथेच विषय संपला असता. इथे तो त्या वाक्यापासून सुरू झाला. लोक म्हणाले चूक एका माणसाची असेल पण ती चूक अडवणारी यंत्रणा कुठे होती? ८ मार्चला देशभर संप, बोटी बंद, शाळा बंद, हजारो लोक पार्लमेंटसमोरच्या सिन्ताग्मा चौकात. पोरांच्या हातातल्या फलकांवर एकच वाक्य जास्त दिसायचं, "पोचलास की फोन कर". आया मुलांना गाडीत बसवताना म्हणतात ते.

केतकी_प

मंदार, मला एक कळत नाही, डबल लाइन असताना समोरासमोर टक्कर होतेच कशी? अप आणि डाऊन वेगळे असतात ना. आणि सिग्नल नव्हते का तिथे?

शशिकांत_निवृत्त

केतकी, मी ३४ वर्षं स्टेशन मास्तर होतो, बराच काळ भुसावळ डिव्हिजनमध्ये, म्हणून जमेल तसं सांगतो. लारिसाहून आधी एक लोकल गाडी दुसऱ्या लाइनवर वळवली होती, त्यासाठी पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा, फिरवलेला होता. तो परत सरळ लावायचा राहिला. मागून आलेली पॅसेंजर गाडी त्या पॉइंटवरून चुकीच्या लाइनवर गेली. सिग्नल लाल होता तरी ड्रायव्हरला मास्तरने रेडिओवरून पुढच्या स्टेशनपर्यंत लाल सिग्नल ओलांडून जायला सांगितलं. ते असं का करत होते, तर त्या पट्ट्यात सिग्नल आणि दूरनियंत्रण नीट चालतच नव्हतं, गाड्या हातानेच चालवायची सवय पडली होती. लाल ओलांडून जायची परवानगी ही आमच्याकडे फार गंभीर गोष्ट, लेखी ऑथॉरिटी द्यावी लागते, पॉइंट सेट आणि लॉक आहेत का ते माणूस पाठवून बघावं लागतं. जिथे रोजच लाल ओलांडायचा असतो तिथे लालची भीती जाते. आणि ती भीती गेली की मग अपघात फक्त तारखेचा प्रश्न उरतो.

त्या मास्तरचं वय ५९ होतं आणि या कामावर येऊन त्याला काहीच महिने झाले होते, त्याआधी तो दुसऱ्या सरकारी खात्यात होता असं मी वाचलंय. इतक्या गर्दीच्या सुट्टीच्या रात्री असा माणूस एकटा पॅनलवर बसवला, बाकीचे वेळेआधी निघून गेलेले. त्याची चूक आहेच. ती मी लपवणार नाही, त्या खुर्चीत बसून मी हजारो गाड्या सोडल्यात. पण त्याला त्या खुर्चीत कुणी बसवलं हा प्रश्न मास्तरला विचारून उपयोग नाही.

पिरेयसहून_मंदार

काका, बरोबर याच मुद्द्यावर इथे लोक अडून बसले.

सिग्नल आणि दूरनियंत्रणाची यंत्रणा दुरुस्त करायचं कंत्राट २०१४ मध्ये दिलं होतं, त्याला इथे सगळे नुसतं "७१७" म्हणतात, रिक्षावाल्याला... म्हणजे टॅक्सीवाल्याला सुद्धा हा नंबर पाठ आहे. पैसे युरोपियन युनियनचे. काम दोन वर्षांत व्हायचं होतं. २०२३ उजाडलं तरी पूर्ण नव्हतं. मधल्या काळात कर्जाच्या संकटात रेल्वेची माणसं कमी केली, २०१७ मध्ये गाड्या चालवणारी कंपनी इटलीच्या सरकारी रेल्वेला ४.५ कोटी युरोंना विकली, रूळ आणि सिग्नल मात्र ग्रीक सरकारी कंपनीकडेच राहिले, म्हणजे काही बिघडलं की एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. आणि रेल्वे कामगारांच्या संघटनांनी लेखी इशारे दिले होते, अपघाताच्या तीन आठवडे आधीसुद्धा दिला होता! अपघाताच्या जेमतेम आठवडाभर आधी पार्लमेंटमध्ये सुरक्षेचा प्रश्न निघाला तेव्हा हेच कारामानलिस विरोधकांवर चिडले होते, असले प्रश्न काढता याची लाज वाटली पाहिजे अशा अर्थाचं बोलले. ती क्लिप नंतर इतक्या वेळा फिरली की इथल्या शाळकरी पोरांनाही माहितीये.

युरोपियन सरकारी वकिलांचं एक स्वतंत्र कार्यालय आहे, लॉरा कोव्हेसी तेव्हा त्याच्या प्रमुख होत्या. त्यांनी ७१७ ची चौकशी केली, अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. पण मंत्र्यांपर्यंत हात पोचेना कारण ग्रीक घटनेच्या ८६ व्या कलमाप्रमाणे मंत्र्यावर खटला भरायचा की नाही हे फक्त पार्लमेंट ठरवू शकतं, म्हणजे बहुमत ज्याचं त्याच्याच हातात. लोकांचा खरा राग या कलमावर आहे. अपघातात मुलगी गेलेल्या एक डॉक्टर बाई, मारिया कारिस्तियानू, बालरोगतज्ज्ञ आहेत, त्या नातेवाईकांच्या संघटनेचा चेहरा झाल्या. मंत्र्यांचं संरक्षण काढा या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. अख्ख्या देशाची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास!

विदर्भवासी

वाचतोय सगळं, छान लिहिताय. पण एक खटकतं. अपघात फेब्रुवारीत, निवडणूक मे-जूनमध्ये, आणि तोच पक्ष चाळीस टक्क्यांवर मतं घेऊन परत आला, कारामानलिस सुद्धा त्यांच्या मतदारसंघातून निवडून आले की. मग त्या मोर्च्यांनी नेमकं काय झालं? आमच्याकडेही मोर्चे होतात, मतदान वेगळ्याच गोष्टीवर होतं.

पिरेयसहून_मंदार

विदर्भवासी, प्रश्न अगदी रास्त आहे आणि २०२३ च्या जूनमध्ये मलाही वाटलं होतं की झालं, मिटलं. माझ्या ऑफिसातली एक सहकारी, तिची चुलत बहीण नेहमी त्याच गाडीने जायची, ती तेव्हा म्हणाली होती की लोकांनी मत स्थिरतेला दिलं, माफी दिली नाही. मला ते पटलं नव्हतं. पण पुढे जे झालं त्यावरून वाटतं ती बरोबर होती.

नातेवाईक थांबलेच नाहीत. त्यांनी स्वतःचे तज्ज्ञ लावले. अपघाताच्या जागेवरची माती काही दिवसांत उचलून तिथे खडी पसरली होती, सरकार म्हणालं क्रेन उभ्या करायला, नातेवाईक म्हणाले पुरावा गेला. धडकेनंतर आगीचा प्रचंड लोळ उठला होता तो कशाचा? मालगाडीत नोंद नसलेलं काही ज्वालाग्राही होतं का, की इंजिनातलं सिलिकॉन तेल पेटलं? यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, मी त्यात शिरत नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये इमर्जन्सी कॉल्सचं रेकॉर्डिंग बाहेर आलं, त्यात एक मुलगी म्हणते मला ऑक्सिजन नाहीये. म्हणजे धडकेत वाचलेले काही जण नंतर आगीत गेले. त्या एका वाक्यावर २६ जानेवारीला हजारो लोक बाहेर पडले. तोपर्यंत जे घरात बसून होते तेसुद्धा.

आणि मग २८ फेब्रुवारी २०२५, दुसरा स्मृतिदिन. मी त्या दिवशी सिन्ताग्माला होतो. विमानं उडाली नाहीत, बोटी सुटल्या नाहीत, ट्रेन नाही. बेकऱ्या, केशकर्तनालयं, औषधाची दुकानं, नाटकं, सगळ्यांनी स्वतःहून शटर खाली आणि काचेवर हाताने लिहिलेला कागद. आज्ज्या, लेकुरवाळ्या बायका, शाळेची दप्तरं घेतलेली पोरं, पाद्री, बोटीवरचे खलाशी. नावं वाचली जात होती एकेक आणि प्रत्येक नावानंतर लोक "हजर" म्हणत होते. चौकात शिरायला जागा नव्हती, आम्ही बाजूच्या रस्त्यावर दोन तास एकाच फरशीवर उभे. नंतर काही तोंड झाकलेल्यांनी पेट्रोल बॉम्ब फेकले, अश्रुधूर झाला, टीव्हीने बराच वेळ तेच दाखवलं. पण मोर्चे शेकडो गावांत होते आणि बहुतेक ठिकाणी पूर्ण शांततेत. इथे राहणारे म्हातारे लोक सांगतात १९७४ ला हुकूमशाही गेली त्यानंतरच्या सर्वात मोठ्या मोर्च्यांपैकी एक.

काय झालं विचारता, तर आदल्याच दिवशी स्वतंत्र अपघात तपास संस्थेचा अहवाल आला त्यात मानवी चुकीबरोबर जुनाट यंत्रणा, अपुरं प्रशिक्षण सगळं नोंदवलं गेलं, आगीने काही जीव गेले हेही. मार्चमध्ये सरकारवर अविश्वास ठराव आला, तो पडला. पण त्याच महिन्यात खडी टाकण्याच्या प्रकरणात एका उपमंत्र्याची चौकशी पार्लमेंटला लावावी लागली, पुढे कारामानलिस यांचंही प्रकरण कर्तव्यात कसूर म्हणून न्यायाधीशांकडे गेलं. ३६ जणांवर खटला उभा राहिला. नातेवाईकांना हे फार कमी वाटतं. मला विचाराल तर मोर्चे नसते तर यातलं काहीच झालं नसतं, फक्त तो मास्तर आत असता.

लंडनची_वैशाली

त्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, इथे लंडनमध्येही ग्रीक लोक जमले होते. माझ्या लेकीची ग्रीक मैत्रीण रात्रभर बसून फलक रंगवत होती, वीस वर्षांची पोर, अपघात झाला तेव्हा शाळेत. मी तिला विचारलं तुझं कुणी होतं का गाडीत, तर म्हणाली नाही, पण मीही त्याच गाडीने जाते.

सर्बियाचंही लिहायला हवं. नोव्ही साद स्टेशनची नुकतीच दुरुस्ती झालेली होती, १ नोव्हेंबर २०२४ ला दर्शनी भागाचं छत कोसळलं आणि १६ जण गेले. विद्यार्थ्यांनी ११ वाजून ५२ मिनिटांनी, म्हणजे छत पडलं त्या वेळेला, रस्ते अडवून शांत उभं राहायला सुरुवात केली. तीन महिन्यांत पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला.

टिटवाळा_८_०४

हे सगळं वाचून पोटात कालवतंय. ९ जून २०२५ ला मुंब्र्याला काय झालं? दिवा-मुंब्रा वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या, दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, त्याच दिवशी चार गेले, नंतर पाचवा. मी त्याच लाइनचा रोजचा प्रवासी आहे. रेल्वे म्हणाली कुणाच्या तरी पाठीवरच्या बॅगेने झालं. बॅग! म्हणजे आमचीच चूक, आम्ही डबा आणि लॅपटॉप घेऊन कामाला जातो ही आमची चूक. मग रेल्वे पोलिसांनी व्हीजेटीआय या मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी रुळात दोष दाखवले आणि नोव्हेंबरमध्ये दोन इंजिनिअरांवर गुन्हा दाखल झाला. आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की कुणीतरी प्रश्न बरोबर जागी विचारला. आणि त्यावर पहिला मोठा मोर्चा कुणाचा? रेल्वे कर्मचाऱ्यांचा, त्या इंजिनिअरांसाठी! ऐन संध्याकाळी गाड्या बंद, लोक वैतागून रुळावर उतरून चालायला लागले आणि सँडहर्स्ट रोडजवळ लोकलने उडवलं, दोघं गेले. मेलेल्यांसाठी आम्ही प्रवासी एक दिवस एकत्र आलो नाही आणि ज्यांच्यावर गुन्हा त्यांच्यासाठी अख्खं सीएसएमटी बंद झालं. मला याची लाज वाटते.

गँगमनचा_पोरगा

टिटवाळा, तुझा राग समजतो आणि ६ तारखेला ऐन गर्दीत गाड्या थांबवल्या ते चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण दुसरी बाजू ऐक. माझे वडील ट्रॅकवर होते, आता त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणतात. रूळ दुरुस्त करायला ब्लॉक लागतो, ब्लॉक म्हणजे गाड्या बंद ठेवायचा वेळ. उपनगरी लाइनवर तो मिळतो रात्री मोजके तास, त्यातही कापाकापी. इंजिनिअर कागदावर मागतो, वर नाकारतात किंवा पुढे ढकलतात, आणि अपघात झाला की सही त्या खालच्याचीच असते. ज्याने ब्लॉक नाकारला त्याचं नाव एफआयआरमध्ये कधीच येत नाही. संपामागचा राग तो होता.

मंदारने लिहिलंय ना, तिथल्या रेल्वे कामगारांनी आधी इशारे दिले होते आणि नंतर ते लोकांबरोबर मोर्च्यात चालले. आपल्याकडे कामगार आणि प्रवासी समोरासमोर उभे राहतात. दोघांचा प्रश्न एकच असून.

शशिकांत_निवृत्त

गँगमनचा पोरगा, तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. तू लिहिलेलं अक्षरन् अक्षर खरं आहे.

बालासोर आठवा. २ जून २०२३, टेम्पीनंतर तीनच महिन्यांनी. बहानगा बाजार स्टेशनला कोरोमंडल एक्स्प्रेस मेन लाइनऐवजी लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभ्या मालगाडीवर गेली. तिथेही सिग्नलच्या वायरिंगमध्ये चुका, आधीच्या कामातल्या. २९० हून जास्त माणसं गेली, टेम्पीच्या पाचपट. सिग्नल विभागातल्या तीन कर्मचाऱ्यांना सीबीआयने अटक केली. तिथल्या गावकऱ्यांनी रात्रभर माणसं बाहेर काढली, रक्त द्यायला रांगा लागल्या, आपली माणसं त्या बाबतीत कुठेही कमी नाहीत. पण नंतर? किती जणांनी विचारलं की त्या मार्गावर कवच, म्हणजे गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा, का नव्हतं? गेलेले बहुतेक बंगाल, बिहार, ओडिशाचे मजूर. त्यांच्या घरच्यांना दिल्लीत जाऊन बसणं परवडणार आहे का. टेम्पीत मध्यमवर्गाची कॉलेजची मुलं होती, आईवडील डॉक्टर, शिक्षक, वकील लावू शकणारे. हा फरक कटू आहे पण आहे.

केतकी_प

काका, हे पटलं, पण पूर्ण नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले ते परळच्या ऑफिसांत जाणारे लोकच होते, फुलवाल्या बायका होत्या. मोर्चाही निघाला, मेट्रो सिनेमाहून चर्चगेटला, मनसेचा, मोठा होता. लष्कराने येऊन नवा पूल बांधला. मग संपलं. पूल मिळाला आणि आम्ही घरी गेलो. पूल अरुंद आहे हे आधीपासून माहीत असताना काम कुणाच्या टेबलावर पडून होतं हे कुणाला विचारायचंच राहिलं. मला वाटतं फरक इथे आहे, मोर्चा पक्षाचा होता, नातेवाईकांचा नव्हता. पक्षाला पुढचा विषय मिळतो. आईला मिळत नाही.

पिरेयसहून_मंदार

केतकी, हेच मला पहिल्या पोस्टमध्ये म्हणायचं होतं आणि इतकं नेमकं जमलं नाही. इथे विरोधी पक्षांनी प्रयत्न खूप केले पण नातेवाईकांनी व्यासपीठ कुणाला दिलं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अपघातात गेलेल्या एका मुलाच्या वडिलांनी पार्लमेंटसमोर उपोषण केलं, मागणी काय, तर माझ्या मुलाचा मृतदेह परत बाहेर काढून तपासा, मला कळू दे तो कशाने गेला. तीन आठवड्यांहून जास्त ते तिथे होते, लोक रोज संध्याकाळी जाऊन बसायचे, शेवटी ऑक्टोबरमध्ये तपासणीला परवानगी मिळाली. त्याच फरशीवर ५७ नावं रंगवलेली आहेत, अज्ञात सैनिकाच्या स्मारकासमोर. त्यानंतर सरकारने कायदा केला की त्या स्मारकापुढे आंदोलन करायचं नाही. त्यावरून नवा वाद पेटला.

निळू_अंबरनाथ

मी इथे फक्त वाचक आहे, पहिल्यांदा लिहितेय. आमच्या चाळीतला एक मुलगा मे महिन्यात गाडीतून पडून गेला. मुंब्र्याचा नाही, त्याआधीचा, पेपरात चार ओळी आल्या. घरी आई आणि लहान बहीण. त्यांना कुणीतरी सांगितलं की पास सापडला नाही म्हणून काही मिळणार नाही. हे खरं आहे का? शशिकांतकाका, तुम्ही सांगू शकाल का?

शशिकांत_निवृत्त

निळूताई, ते खरं नाही, त्यांना लगेच सांगा. चालत्या गाडीतून पडून मृत्यू झाला तर रेल्वे कायद्याच्या १२४-ए कलमाखाली भरपाई मागता येते, रेल्वेची चूक सिद्ध करायची गरज नसते. मृत्यूसाठी रक्कम आठ लाख. अर्ज रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलकडे, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. तिकीट किंवा पास अंगावर सापडला नाही एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात स्पष्ट केलंय, तो प्रवासी होता हे आईने शपथपत्रावर सांगायचं, मग उलट सिद्ध करायची जबाबदारी रेल्वेवर येते. कागद जमवा: रेल्वे पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, स्टेशन मास्तरचा मेमो मिळाला तर उत्तम. मुदत घटनेपासून एक वर्ष, म्हणजे मेच्या आत. एजंटला टक्केवारी देऊ नका, असे लोक हॉस्पिटलबाहेरच उभे असतात.

टिटवाळा_८_०४

निळूताई, मी रोज अंबरनाथवरूनच जातो. ट्रिब्युनलला जायचं असेल तेव्हा मी त्यांच्याबरोबर येईन, सुट्टी टाकेन. मला इथेच मेसेज करा. आणि बाकीच्यांनो, मुंब्र्याच्या पाच घरांपैकी कुणाशी कुणाची ओळख असेल तर सांगा. मोर्च्यासाठी नाही. त्यांना एकमेकांचे फोन नंबर तरी माहीत आहेत का, तेवढं बघायचंय.

गँगमनचा_पोरगा

माझ्या ओळखीने एका घराशी बोलणं होऊ शकेल. व्यनि (खाजगी मेसेज) करतो.